धोंड्याच्या महिन्यातली सर्व्हिसिंग

चिखली,
ता. २० नोव्हेंबर १९६६

शेषराव यास,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. विसरलो असं समजू नकोस. दोनदा लिहायला घेतला, दोन्ही वेळा हात मागे आला, म्हणून नुसतं नाव लिहून पुढे जातो.

भाऊबीजेला तू आला नाहीस. तुझी बहीण सकाळी न्हाऊन, पाट मांडून, रांगोळी घालून बसली होती. खामगावच्या तीन मोटारी येऊन गेल्या. चौथीची वेळ झाली तेव्हा मीच म्हटलं, "गीता, उचल ते ताट, तो काही येत नाही." तर मला म्हणते, "काम असन त्याले. सणाच्या दिवशी बी गाड्या येतेत वर्कशॉपात." शेवटी तिने चंद्राला ओवाळलं. खामगावात पाठचा सख्खा भाऊ धडधाकट असताना बाईवर चंद्राला ओवाळायची पाळी यावी, हे बघून मला किळस आली. चंद्राची नव्हे, तुझी.

तू का आला नाहीस ते मला ठाऊक आहे. तीन आठवड्यांपूर्वी, ३० ऑक्टोबरला, देऊळगाव राजाहून बालाजीची यात्रा करून परत येताना आमच्या मालकांची, वामनरावांची, जीप माझ्या हातून उलटली आणि रुखमाबाई मेली. तीच रुखमाबाई, वामनरावांच्या घरी अकरा वर्षं स्वयंपाक करणारी. मागच्या वर्षी तू इथे आला होतास तेव्हा तिच्या हातच्या तीन भाकरी ठेच्याशी खाल्ल्या होत्यास आणि चौथी मागताना लाजला होतास.

माझ्यावर पोलीस केस झाली आहे. पंचनाम्यात लिहिलंय की चालकाने भरधाव आणि हयगयीने गाडी चालवली. भरधाव! पुलाच्या अलीकडे उतार, समोर यात्रेच्या बैलगाड्यांची रांग, मी वीस मैलांच्या वर नव्हतो. गाड्यांना जागा द्यावी म्हणून स्टिअरिंग डावीकडे वळवलं, तर ते हातात नुसतं गरगर फिरलं. पुढची चाकं जशीच्या तशी सरळ. रस्ता वळला, गाडी वळली नाही, आणि आम्ही पुलाच्या कडेने खाली गेलो. मला खांद्याला मुका मार बसला. रुखमाबाई माझ्या शेजारी बसली होती, ती गाडीखाली आली.

हे का झालं ते जगात दोनच माणसांना माहीत आहे. एक मी आणि दुसरा तू. तू विसरल्याचं सोंग आणशील, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

जानेवारीत वामनराव अकोल्याहून जीप घेणार होते. मीच त्यांना म्हटलं, मालक, खामगावच्या एजन्सीत माझा साळा वर्कशॉपचा फोरमन आहे, घरचं माणूस, सर्व्हिसिंगची काळजी नको. त्यांनी ऐकलं. फेब्रुवारीत पहिल्या फुकट सर्व्हिसिंगला गाडी आणली तेव्हा मी तुला सांगितलं की डावीकडे वळताना खालून टक् असा आवाज येतो. तू हसलास. "भाऊजी, नवी गाडी हाये. बसली का आवाज आपोआप जाते." ग्रीस मारलं, ऑइल बदललं, धुतली, खालून जळक्या ऑइलचा आणि काळ्या रंगाचा फवारा मारून चकचकीत केली आणि माझ्या हातात दिली. आवाज तसाच.

मे महिन्यात दुसरी सर्व्हिसिंग. मी पुन्हा तेच म्हटलं. या खेपेला तू स्वतः गाडीखाली गेलास. बराच वेळ आत होतास. बाहेर आलास तेव्हा तुझा चेहरा उतरला होता. मी विचारलं, "काय रे?" तू म्हणालास, "काही नाई, ग्रीस कमी होतं." आणि मग फवाऱ्याची नळी तू स्वतःच्या हातात घेतलीस. मी पंधरा वर्षं गाड्या हाकतो आहे शेषराव, फोरमनला फवारा मारताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

स्टिअरिंगच्या पेटीतून खाली चाकं वळवणारा जो लोखंडी आर्म निघतो त्याच्या मानेला चीर होती, आणि त्या दिवशी तो तिथेच तुटला. कारखान्यातूनच आली होती. तू ती पाहिलीस आणि काळ्या रंगाखाली झाकलीस. असं मी म्हणतो. खोटं असेल तर मला तसं लिही.

आता काम सांगतो. कारखान्यातून त्या खेपेला पाच जीपा एका रांगेत खामगावला आल्या, तूच मला मोठ्या हौसेने सांगितलं होतंस. एक इथे पोलिसांच्या आवारात पडली आहे. बाकीच्या चार आज कोणाच्या दारात आहेत ते एजन्सीच्या रजिस्टरात आहे आणि रजिस्टर तुझ्या ताब्यात असतं. त्या चार मालकांना कळव की गाड्या उभ्या करा. तोच आर्म त्यांच्यातही आहे. आणि मे महिन्यात काय पाहिलंस ते एका कागदावर लिहून मला दे. माझी तारीख बुलढाण्याला १२ डिसेंबरला आहे.

माझ्या आधीची तीन भावंडं गेली म्हणून आईने मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं आणि हे नाव दिलं. घाणीची मला लहानपणापासून ओळख आहे. पण असली घाण घरातच निघेल असं वाटलं नव्हतं.

उकंडराव


चिखली,
ता. ४ डिसेंबर १९६६

शेषराव यास,

तुझं कार्ड आलं. पाकिटाचे पैसे नव्हते की धीर नव्हता? उघडं कार्ड, पोस्टमनने वाचलं, शेजारच्या शिंप्याने वाचलं, मग माझ्या हाती आलं. 'आमच्या दप्तरी तिन्ही सर्व्हिसिंग पूर्ण असून सर्व्हिसिंगच्या कार्डावर चालकाची काम समाधानकारक अशी सही आहे. सबब आमच्याकडे कोणताही दोष येत नाही.' आमच्या दप्तरी म्हणे. माझ्या लग्नात माझ्या बुटांची राखण करत बसणारा पोरगा तू, आणि आता सबब लिहितोस.

खाली बहिणीची चौकशी एका ओळीचीसुद्धा नाही. गीताने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि चुलीच्या वर खोचून ठेवलं.

आता सहीचं. सही माझी आहे. नाकारत नाही. कोर्टात ते कार्ड येईल तेव्हा मी मान खाली घालीन, पण ती सही कशी झाली ते तरी आपण दोघं एकमेकांशी खरं बोलू.

ऑगस्टचा पहिला आठवडा, अधिक श्रावण चालू. मी गाडी घेऊन वर्कशॉपात आलो आणि तुला सांगितलं की आज मी इथून हलणार नाही, गाडी खड्ड्यावर घे, मी स्वतः खाली उतरून बघतो. तुला आठवतं तू काय म्हणालास?

"भाऊजी, धोंड्याचा महिना हाये. तुम्ही जवाई मानूस, आन् गाडीखाली ऑइलात लोयसान? लोक मले जोड्यानं मारतीन. आई घरी धोंडे तयून राह्यली, तुम्ही चाला पहिले."

आणि मी गेलो. हे मला कबूल केलं पाहिजे. तुझ्यावर विश्वास होता म्हणून गेलो असं नाही. विश्वास मे महिन्यातच उडाला होता. गेलो ते मान मिळतोय म्हणून. वामनरावांच्या दारात मी ड्रायव्हर, कुणीही हाक मारावी आणि मी पळावं. खामगावात मात्र मी जावई. सासूबाईंनी पाट मांडला, कुंकू लावलं, नवी टोपी दिली, पितळेच्या ताटात पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, तेहतीस अनारसे मोजून जाळीच्या पिशवीत. मी जेवत असतानाच तू कार्ड घेऊन घरी आलास. गाडीचं काम तोवर निम्मंही झालं नसणार. उजवा हात पुरणाने भरलेला, म्हणून मी डाव्या हाताने सही केली. ती वेडीवाकडी सही तू आता मला दाखवतोस. दाखव. पण ज्या ताटावर बसून ती केली ते ताटही दाखव.

साळ्याच्या कामावर उभं राहून नजर ठेवणं म्हणजे त्याला चोर म्हणणं, असं आपल्यात मानतात. धोंड्याच्या महिन्यात तर सासुरवाडीला बोट दाखवणं पापच. त्यापायी मी वाकून पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी काय दिसलं असतं, आधीच काळं करून ठेवलेलं होतं, ही गोष्ट वेगळी.

मंगळवारी मी खामगावला येऊन गेलो. तुला भेटलो नाही. वर्कशॉपासमोरच्या हॉटेलात बसलो आणि तीन तास तुमचं काम बघितलं. एक नवी जीप पहिल्या सर्व्हिसिंगला आली होती. आधी धुतली. मग फवारा मारला. मग तुझा माणूस बोनेटवर कार्ड ठेवून एकामागून एक चौदा खुणा करत गेला, मान वर न करता. ग्रीस केले, ऑइल बदलले, पाणी भरले, चाकांचे नट आवळले. ते कार्ड माझ्याकडेही आहे, मी काल रात्रभर, नाही, रात्रभर नाही, पण बराच वेळ वाचलं. चौदा रकाने आहेत आणि त्यात 'पाहिले' असा एकही रकाना नाही. कारखान्याने जे बनवलं ते बरोबरच असणार, तुम्ही त्याला फक्त तेल-पाणी करायचं. नवी गाडी आजारी असू शकते हे त्या कार्डाला मान्यच नाही. तीन वेळा फुकट धुऊन देता आणि त्याला सर्व्हिसिंग म्हणता. लोक बापडे समजतात की गाडी तीनदा तपासून झाली, आता भीती नाही.

आणि निघताना ऑफिसात एक ढाल टांगलेली दिसली. दारातूनच वाचली. सगळ्या विदर्भात सर्वांत कमी तक्रारी असलेली एजन्सी म्हणून कारखान्याने दिलेली. बरोबरच आहे. तक्रार वर पाठवली की ढाल जाते. म्हणून गाडीत दोष सापडला तर तो कारखान्याला कळवायचा नाही, रंगवायचा. तुझ्या साहेबाने तुला तोंडाने सांगितलं असेल किंवा नसेल, तुला कळलं. त्या ढालीला हार घातलेला होता. मी तिथूनच मागे फिरलो.

मागच्या पत्रात मी चार गाड्यांबद्दल आधी लिहिलं आणि माझ्या कागदाबद्दल नंतर. मनात क्रम उलटा होता. आधी मला माझी कातडी वाचवायची होती. आता दोन्ही एकाच वजनाचं वाटतं. चार नावं पाठव.

उकंडराव


चिखली,
ता. २८ जानेवारी १९६७

शेषराव,

डिसेंबरची तारीख पुढे गेली, आता फेब्रुवारीच्या अखेरीस आहे. वामनरावांनी मला कामावरून काढलं. नवा ड्रायव्हर ठेवला. सध्या मी बाजारात कापसाच्या गाड्या उतरवून घेतो.

संक्रांतीला सासूबाई येऊन गेल्या. तिळगूळ घेऊन आल्या असं गीताला वाटलं. तिळगूळ होता, पण त्याच्या खाली तुझा निरोप होता. गीता पाणी आणायला गेली तेव्हा म्हणाल्या, "जवाईबापू, शेषू म्हनते, रस्त्यात दगड लागला म्हनजा. चाक दगडावर चढलं, आर्म तुटला. दगडाचा काय दोष अन् कोनाचा काय दोष. तुम्ही बी सुटता, तो बी सुटते." त्यांना आर्म म्हणजे काय ते ठाऊक नाही, तू पाठ करून पाठवलंस. आईच्या तोंडून हे वदवून घेताना तुला काही वाटलं नाही?

आणि मला काय वाटलं ते ऐक. मला बरं वाटलं. दोन दिवस मी ते धरून चाललो. वकिलाला सांगितलं, तो खूश झाला, म्हणाला हे आधी का नाही सांगितलं. पोलिसांच्या आवारात गाडीवर आर्मचा जो अर्धा भाग राहिला आहे त्यावर आता सगळीकडे सारखाच गंज चढलाय. बघणाऱ्याला कळणार नाही तो जुना तुटला की नवा. दगड चालून जाईल, असं मला स्वच्छ दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी रामराव आले. रुखमाबाईचा नवरा. माझ्याकडे ते पहिल्यांदाच आले. ओट्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि विचारलं, "उकंडराव, झालं काय होतं नेमकं? मले कोनी सांगतच नाई. पोलिसाले विचारलं तं म्हने तारखेले या."

मी म्हटलं, "दगड लागला, रामराव." ती लबाडी मी सगळ्यांत आधी त्यांना सांगितली. वकील वगळता. ते म्हणाले, "असं काय," आणि उठून गेले.

चार दिवसांनी पुन्हा आले. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेलं. ते त्या पुलावर पायी जाऊन आले होते, शेषराव. दोन्ही बाजूंनी रस्ता पाहिला. खाली ओढ्यात उतरून पाहिलं. मला म्हणाले, "तिथं तेवढा मोठा दगड नाई. बारीक गिट्टी हाये. म्या लई पाह्यलं. तुमाले जागा सांगता येईन का, म्हंजे मी पुन्हा जाऊन पाहीन."

त्यांना माझा संशय आला नव्हता. त्यांना तो दगड बघायचा होता, इतकंच. मी काय बोललो ते आठवत नाही. ते गेल्यावर मी ठरवलं, दगडाचं पुन्हा तोंडातून काढायचं नाही.

आता एक गोष्ट सांगतो जी मी तुला, गीताला, वकिलाला, कुणालाच सांगितलेली नाही. आर्मचा दुसरा अर्धा तुकडा माझ्याकडे आहे. गाडी उलटल्यावर लोक धावले, गाडी उचलायला लागले, आणि मी पाहिलं तर तो तुकडा माझ्या पायाशी पडलेला. उचलला. तुटलेल्या तोंडाकडे बघितलं. अर्ध्या भागात लोखंड पांढरं चकचकीत, ताजं तुटलेलं. उरलेल्या अर्ध्यात काळं, आणि त्या काळ्यावर तुझा फवारा. रंग चिरेच्या आतपर्यंत गेला होता. म्हणजे फवारा मारला तेव्हा चीर उघडीच होती. हे मला तिथल्या तिथे कळलं, आणि मी तो तुकडा खिशात टाकला. रुखमाबाई चार हातांच्या अंतरावर पडलेली होती, श्वास चालू होता, आणि मी साळ्याची अब्रू खिशात घालत होतो. तुझ्याबद्दल मी दोन पत्रांत जे जे लिहिलं ते सगळं खरं आहे, पण माझ्याबद्दल एवढं तरी तुला माहीत असू दे.

आणि टक् आवाज. तो मी नऊ महिने ऐकला. ऑगस्टनंतर तो मोठा झाला होता. वामनरावांना सांगितलं असतं तर त्यांनी गाडी अकोल्याला दाखवली असती, आणि म्हणाले असते, काय उकंडराव, तुमचा साळा म्हणत होता ना घरचं माणूस. ते ऐकायला लागू नये म्हणून मी गप्प राहिलो. त्या दिवशी रुखमाबाई मागे बसणार होती. मीच म्हटलं, पुढे बसा, मागे धूळ लागते.

तुकडा मी फडक्यात बांधून पिठाच्या डब्यामागे ठेवला होता. परवा गीताला सापडला. तिने विचारलं, मी सगळं सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "हे कोर्टात दिलं तं त्याची नोकरी जाईन. आई-बाबाले तोच पोसते. माह्या भावाचं नाव तुम्ही तिथं घेतलं तं मी कोन्त्या तोंडानं खामगावले जाऊ? माह्यं माहेर बंद होते."

मी म्हटलं, मग काय करू? ती म्हणाली, "मले नका विचारू." आणि तुकडा पुन्हा फडक्यात बांधून होता तिथे ठेवला.

म्हणून तुला शेवटचं विचारतो. तू स्वतः पुढे ये. मला तुझं नाव घ्यायला लावू नकोस. तारखेच्या आधी चार गाड्या उभ्या करवल्यास आणि आपण होऊन खरं सांगितलंस तर मी कोर्टात हात जोडून सांगीन की याने लपवलं, पण यानेच सांगितलं.

उकंडराव


चिखली,
ता. ११ मार्च १९६७

शेषराव,

तुझं उत्तर आलं नाही. तारखेला तू आलास, पण एजन्सीच्या वकिलामागे बसलास आणि बहिणीकडे एकदाही पाहिलं नाहीस. निकाल काल लागला. तू त्या दिवशी साक्ष देऊन लगेच निघून गेलास, म्हणून पुढचं मी लिहितो.

तू शपथेवर सांगितलंस की तिन्ही वेळा गाडी पूर्ण तपासली आणि काही आढळलं नाही. कार्ड दाखवलंस. चौदा खुणा, खाली माझी डाव्या हाताची सही. तुझा आवाज जरासुद्धा हलला नाही. मला वाटतं तुझाही आता त्या कार्डावर विश्वास बसला आहे.

तू गेल्यावर मी उभा राहिलो आणि फडकं सोडून तुकडा टेबलावर ठेवला. वकिलाने माझा सदरा ओढला. मी सगळं सांगितलं, फेब्रुवारीपासून. तू गाडीखाली गेलास ते, फवारा मारलास ते, मी तुकडा लपवला ते, दगडाची लबाडी ते. मागे रामराव बसले होते, त्यांच्याकडे न बघता सांगितलं.

न्यायाधीश तरुण होते. तुकडा हातात घेऊन खिडकीपाशी नेऊन पाहिला. मग मला विचारलं, "गाडीत बिघाड आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

मी म्हटलं, "हो."

"नऊ महिने?"

"हो."

"मग चालवली का?"

खोटं बोलायचं नाही असं ठरवून गेलो होतो. मी म्हटलं, "सासुरवाडीच्या मानापायी, साहेब. साळा फोरमन होता. धोंड्याचा महिना होता, मी जेवायला गेलो."

कोर्ट हसलं. वकील हसले, शिपाई हसला, लिहून घेणारा कारकून तोंडावर हात ठेवून हसला. न्यायाधीशांनी त्यांना गप्प केलं, पण त्यांच्याही ओठांवर होतं. हसण्यासारखंच आहे ते. एक बाई का मेली, तर जावई धोंडे खायला गेला म्हणून. रामराव हसले नाहीत. ते वाकून माझ्याकडे बघत होते, नीट ऐकू आलं नाही अशासारखे.

मला सहा महिन्यांची शिक्षा झाली, लायसन कायमचं गेलं. गाडी खराब आहे हे माहीत असून चालवली, हे मी माझ्या तोंडाने कबूल केलं, त्याला कोर्ट काय करणार. वरच्या कोर्टात जायला मुदत दिली आहे, पण मी जाणार नाही. सोमवारी हजर होतो. तुकडा कोर्टाने ठेवून घेतला. मी चार गाड्यांचं विचारलं, तर न्यायाधीश म्हणाले की या कोर्टापुढे एका अपघाताचा खटला आहे, बाकीसाठी तुम्ही कारखान्याला लिहा. मी जानेवारीतच लिहिलं होतं. कारखान्याचं उत्तर छापील आलं, आपल्या नजीकच्या एजन्सीशी संपर्क साधावा. नजीकची एजन्सी म्हणजे तू.

तेव्हा पोलीस, कोर्ट, कारखाना, एजन्सी, सगळीकडून फिरून झालं. त्या चार गाड्या आजही कुठेतरी चालू आहेत. त्यांची तिसरी सर्व्हिसिंगही होऊन गेली असेल, चौदा खुणा झाल्या असतील, मालक निर्धास्त असतील.

बुलढाण्याहून येताना एस.टी.त गीता माझ्या शेजारी बसली होती. चिखलीपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, आता ही माझ्याशी आयुष्यभर बोलणार नाही, आणि तिचं चुकत नाही. घरी आल्यावर हातपाय धुतले, दिवा लावला आणि म्हणाली, "पत्र लिहा त्याले. मी घेऊन जाईन."

मी म्हटलं, "टपालाने पाठवतो. तुझं माहेर..."

"माहेर राह्यलं तं राह्यलं, नाई तं नाई," ती म्हणाली. "त्या चार गाड्यायत बी कोनाची तरी रुखमी पुढं बसत असन. धूळ लागू नये म्हनून."

म्हणून हे पत्र टपालाने आलेलं नाही. ते गीताने तुझ्या हातात दिलं आहे आणि तू वाचेपर्यंत ती तुझ्या दारात उभी आहे. तिला आत ये म्हणू नकोस, ती येणार नाही. पाणी विचारू नकोस, तुझ्या घरचं पाणी ती घेणार नाही असं मला सांगून निघाली आहे. आई बाहेर आली तर आईला आत घेऊन जा, म्हातारीला हे बघवणार नाही.

मला तुझ्याकडून आता साक्ष नको, कागद नको, सही तर मुळीच नको. रजिस्टर काढ, वर्कशॉपात असेल तर जाऊन घेऊन ये. चार माणसांची नावं आणि चार गावं एका चिठ्ठीवर लिही, नीट अक्षरात. गीता चौथी शिकलेली आहे, वाचून बघितल्याशिवाय हलणार नाही. पत्ते मिळाले की ती एकेका गावी एस.टी.ने जाणार आहे, मी आतमध्ये असेन. तुझं नाव ती कुठे घेणार नाही, तसं तिनेच मला सांगायला सांगितलंय. गाडीखाली बघा, एवढंच सांगणार आहे.

ती उभी आहे, शेषराव. लिही.

उकंडराव